मदत हवी आहे : मामांची जुनी जपानी बेस गिटार मंडईआधी वाजती करायची आहे, नेक वाकलीय

झाडीतला_खर्ज

नमस्कार मंडळी,

वडसा आणि ब्रह्मपुरीच्या मधल्या पट्ट्यातलं माझं गाव. धानाची शेती आहे आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडच्या गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांना साथ करतो. आमच्याकडे खर्ज म्हणजे कीबोर्डवाल्याचा डावा हात. गाणं भरात आलं आणि तो हात उजव्याच्या मदतीला धावला, की खालचं सगळं ओकं होतं. प्रेक्षकाला नेमकं काय गेलं ते सांगता येत नाही, पण गाणं हलकं झालेलं त्यालाही कळतं.

माझे मोठे मामा १९७० च्या दशकात नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. आता बोटं आखडलीत, कान मात्र शाबूत आहे. त्यांनी आपली गिटार यंदा माझ्या हवाली केली. "वाजती ठेव, पण त्यातलं काही बदलू नको," एवढंच म्हणाले. मलाही ती तशीच हवी आहे. म्हणून "नवीन घ्या" किंवा "पिकअप बदला" असा सल्ला कृपया नको.

गिटार अशी आहे. मागे चार स्क्रूंचा पत्रा, त्यावर 'मेड इन जपान'. हेडवरचं नाव निघून गेलंय. एक पिकअप (तारांचा आवाज टिपणारी कॉइल), एक व्हॉल्यूम, एक टोन. घोडीवर क्रोमचं झाकण आणि झाकणाच्या आत कुजलेल्या स्पंजची पट्टी. घोडीवर प्रत्येक तारेला वेगळं सॅडल, म्हणजे तार टेकते तो सरकता तुकडा, आहे. हेडवर तीन स्क्रूंची छोटी पट्टी आहे, तिच्या आत षटकोनी नट दिसतो.

त्रास असा की मधल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारा फार उंच आहेत, बाराव्या फ्रेटवर जवळपास ५ मिमी. बाराव्याच्या पुढे वाजवलं की झणझण येते. मोकळी तार सुरात लावली तरी बाराव्या फ्रेटवर तीच तार चढी बोलते, जाड तार सगळ्यात जास्त. व्हॉल्यूम फिरवला की खरखर, आणि अँपला जोडली की घूं असा आवाज; तारांना हात लावला की तो कमी होतो.

नागपूरला न्यायची तयारी आहे, पण आधी स्वतः काय करता येईल? की त्या नटाला हातच लावू नये? आणि तो स्पंज काढून टाकू का?

तारफिरक्या

भाऊ, आधी एक माप द्या. वरच्या पांढऱ्या पट्टीपासून, म्हणजे जिथून तारा हेडवर जातात तिथून, बाराव्या फ्रेटपर्यंत किती अंतर आहे? त्याची दुप्पट म्हणजे तुमची स्केल. तारा त्यावरच ठरतात.

झाडीतला_खर्ज

३८ सेंटिमीटर भरलं, अगदी किंचित जास्त.

तारफिरक्या

म्हणजे ७६ सेंटिमीटर, ३० इंची शॉर्ट स्केल. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तो ३४ इंची, आणि दुकानात मिळणाऱ्या बहुतेक तारा त्याच मापाच्या असतात. बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीची व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस मात्र तुमच्यासारखी ३० इंचाची. तुम्ही मागवताना 'शॉर्ट स्केल' असं स्पष्ट सांगा. लांब तार आणून कापली तर तिचा जाड वेढ्याचा भाग खुंटीवर गुंडाळला जातो. तिथे तो नीट वळत नाही आणि वेढा सैल झाला की तार मुकी होते.

आता नटाबद्दल. घाबरू नका, पण घाईही नको. आधी नेक किती वाकलीय ते मोजा. तारा नेहमीच्या सुरात लावा. जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबून धरा, दुसऱ्या हाताने तीच तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. ती तार आता सरळ पट्टीचं काम करते. आठव्या फ्रेटच्या माथ्यात आणि तारेत किती फट आहे ते कुणाला तरी बघायला सांगा. गावातल्या मोटरसायकल मेकॅनिककडे टॅपेट सेट करायचं फिलर गेज असतं, तेच लागतं. ०.३ ते ०.३५ मिमी फट बरी मानतात. जोरात वाजवणाऱ्याला ०.५ पर्यंतही चालतं. तुमची याहून बरीच जास्त निघणार, कारण मध्ये उंच आणि बाराव्याच्या पुढे झणझण ही पुढे वाकलेल्या नेकचीच खूण आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझण असती तर उलटा संशय घेतला असता.

झाडीतला_खर्ज

ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीकडून गेज आणलं. पात्या एकावर एक लावून १.२ मिमी भरली.

तारफिरक्या

मग ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, तो नट फिरवून नक्की कसायला हवा. चार तारा मिळून नेकला ओढतात. लांब स्केलवर ही ओढ ७५-८० किलोच्या घरात जाते, तुमच्या शॉर्ट स्केलवर त्याहून कमी, पण वर्षानुवर्षं न थांबता. नेकच्या आतली सळई त्याच्या उलट ताण देते.

क्रम असा ठेवा. तारा चांगल्या ढिल्या करा. नटाच्या आट्यांवर मशीन ऑइलचा एकच थेंब द्या, लाकडावर सांडू देऊ नका. बॉक्स पाना नटावर घट्ट बसतोय ना ते बघा. सैल पान्याने कोपरे झिजले तर पुढे मोठं काम निघतं. आधी थोडा उलटा, म्हणजे डावीकडे फिरवून नट हलतो का ते पाहा. हलला तर उजवीकडे, जुन्या जागेच्या पुढे पाव फेरा. त्याहून जास्त नाही. तारा पुन्हा सुरात लावा, रात्रभर राहू द्या, सकाळी परत मोजा. लाकूड सावकाश जागेवर येतं. नट अडला, करकरला किंवा फिरवूनही फट कमी होईना, तर तिथेच थांबून नागपूर गाठा. जुन्या वाद्याची सळई तुटली की ती काढायला फिंगरबोर्ड उचटावा लागतो.

नेक सरळ झाल्यावरच सॅडलची उंची. सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच-पावणेतीन मिमी, बारीक तारेखाली थोडं कमी. त्यानंतर बाराव्या फ्रेटचा सूर: दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. हा क्रम उलटा केला तर सगळं दोनदा करावं लागतं.

स्पंज कुजलाय तो काढा, पण जागा रिकामी ठेवू नका. तो कारखान्यानेच बसवलेला असणार. त्या काळच्या बेसमध्ये झाकणाखाली असा दाब देत, म्हणजे सूर लांबत नाही, ठोका देऊन मिटतो. नवा मऊ स्पंज त्याच जाडीचा कापून लावून बघा. चिकटलेला भाग हाताने आणि कोरड्या फडक्याने काढा. थिनर अजिबात नको, पॉलिश जाईल.

फेजन्यूट्रल

मी वायरमन आहे, म्हणून विजेचं सांगतो.

खरखरीला पॉटवरचं (नॉबखालच्या फिरत्या भागावरचं) झाकण उघडून पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत बरेचदा फिरवा. बहुतेक तेवढ्यात जाते. घूंचं म्हणाल तर तारांना हात लावल्यावर कमी होतो ही चांगली खूण आहे: घोडीची अर्थ वायर शाबूत आहे. हात लावल्यावर वाढला असता तर ती तुटली असती. एका कॉइलचा पिकअप ट्यूबलाइट आणि डिमरजवळ थोडा घुमणारच, तेव्हा उभं राहायची दिशा बदलून बघा. पिकअप मल्टिमीटरवर काही किलोओहम दाखवत असेल तर तो जिवंत आहे, त्याला सोल्डर लावू नका.

पण दादा, माझी खरी काळजी वेगळी आहे. मंडपात वीज कुठून येते ते तुम्हालाही माहीत आहे. खांबावरून किंवा जनरेटरवरून, तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन मोडलेली, जमिनीत सळई नाही. तुमच्या तारा अँपच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. तारांवर हात आणि ओठ माइकच्या जाळीला, आणि दोन्हीकडची अर्थ वेगळी असेल तर करंट तुमच्यातून जाईल. प्रत्येक प्रयोगाआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. आकडा शून्याच्या जवळ हवा. पन्नास-शंभर दिसले तर वाजवू नका, मग पडदा उशिरा उघडला तरी चालेल. साउंडवाल्याला सगळे प्लग एकाच बोर्डावर घ्यायला लावा, आणि त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. बॅटरीवरचा वायरलेस ट्रान्समीटर लावलात तर गिटार आणि अँपमधली तारच राहत नाही, तो रस्ता तुटतो.

आणि गिटार थेट मिक्सरच्या लाइनमध्ये खुपसू नका, आवाज पातळ येतो. मध्ये अॅक्टिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरजोगा करणारा डबा, हवा.

काळी_दोन

राजेहो, वाद्य तर जमेल, पण वाजवायचं काय तेही बोलू या. मी तबलजी आहे.

तुमच्या मोकळ्या तारा आपल्या भाषेत, म्हणजे पेटीच्या पट्ट्यांत, जाडीकडून पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. गायक काळी एकमध्ये असेल तर सा दुसऱ्या जाड तारेवर चौथ्या फ्रेटला. आणि त्याच फ्रेटला सगळ्यात जाड तारेवर मंद्रातला प मिळतो. काळी दोन असेल तर हाच जोड सहाव्या फ्रेटवर. काळी चारला सा जाड तारेवर चौथ्या फ्रेटला, आणि वरचा प शेजारच्या तारेवर सहाव्याला. एवढ्या जागा पक्क्या झाल्या की हंगामातली बरीच गाणी सांभाळता येतील.

आता माझी कळकळीची विनंती. केरव्यात 'धा गे ना ती ना क धी ना' वाजताना माझा बायां (डग्गा) पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला बोलतो. बेसही तिथेच खाली घुमतो. दोघंही सगळीकडे बोलले तर मंडपातल्या मोठ्या बॉक्समधून नुसता गोंगाट येतो. पहिल्या मात्रेला सा, सातव्याच्या 'धी'वर प, आणि मधली जागा बायाला सोडा. मोकळी जाड तार ४१ हर्ट्झची आहे, ती घुमत राहिली की गायकाचे शब्दही दबतात. आपल्याकडे नाटकात गाण्याचे शब्दच लोक घरी घेऊन जातात. म्हणून न वाजणाऱ्या तारा डाव्या हाताने झाकून ठेवायची सवय लावा. तो स्पंज राहिला तर मला आनंदच आहे.

झाडीतला_खर्ज

सगळ्यांचे मनापासून आभार जी. नट हलला. पाव-पाव फेऱ्याने, मध्ये रात्र सोडत, फट ०.४ वर आली. झणझण गेली, खरखर गेली. नवा स्पंज लावून मामांना ऐकवलं, तर म्हणाले, हाच आवाज. फेजन्यूट्रलदादा, मंडळाच्या मालकांशी बोललो, आरसीसीबीचा बोर्ड करून घेतोय.

दोन गोष्टी राहिल्या. जाड तारेचं सॅडल पार मागे नेलं, स्प्रिंग पूर्ण दबली, तरी बाराव्याला सूर थोडा चढाच आहे. स्प्रिंग कापू का? आणि गिटार ठेवू कुठे? माझी खोली टिनाची आहे. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ती कूलरच्या खोलीत ठेवली तर चालेल?

तारफिरक्या

स्प्रिंग मूळची आहे, कापू नका. तार किती जुनी आहे? मेलेली तार बाराव्या फ्रेटवर कधीच सुरात येत नाही, कारण घाम आणि गंजाने तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. शॉर्ट स्केलचा, ४५-१०० किंवा ४५-१०५ जाडीचा सेट मागवा आणि मगच पुन्हा बघा. वरची पट्टीही तपासा: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की पहिल्या फ्रेटवर कागदाएवढीच फट दिसली पाहिजे. जास्त असेल तर तार दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो. पट्टीच्या खाचा घासायचं काम मात्र नागपूरच्या कारागिरालाच करू द्या.

कूलरची खोली नको. दिवसा ओलावा, रात्री कूलर बंद झाला की कोरडं, या ये-जा करण्यानेच नेक हलते. टिनाखालीही नको. मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत, जमिनीपासून उंच, कडक पेटीत ठेवा. हंगाम संपला की तारा अर्धा-एक सूर उतरवा, पूर्ण सैल करू नका. मे महिन्यात फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागली तर लाकूड कोरडं पडून आकसलंय असं समजा. तेव्हा टोकं घासू नका, पावसाळ्यात ती बहुधा पुन्हा आत जातात. मृगानंतर एकदा आणि दिवाळीआधी एकदा आठव्या फ्रेटची फट मोजा, तेवढ्यासाठी मिस्त्रीचं गेज लागेलच.