मदत हवी आहे : भाऊ लिथियमवर आहे, आळंदी ते पंढरपूर पायी वारी झेपेल का?

नीरेकाठ :
धाकट्या भावासाठी विचारतोय. वय 31, बायपोलर 1 (मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याचा आजार) चं निदान. लिथियम एसआर 400 च्या दोन गोळ्या आणि क्वेटियापिन 100, दोन्ही रात्री साडेनऊला. गेलं दीड वर्ष उत्तम चाललंय, नोकरी सुरू आहे. शेवटची रक्तातली लिथियम पातळी 0.72, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची तपासणी) 0.9, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) 3.1.

यंदा वडिलांसोबत माउलींच्या पालखीत पूर्ण पायी जायचं म्हणतो. प्रस्थानाला दीड महिना आहे. डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे, तेव्हा काय काय विचारायचं ते आधी ठरवायचंय.

1. ऊन, चालणं, एकादशी यांचा लिथियमवर काय परिणाम होतो?
2. दिंडीत पहाटे तीनला उठतात. झोपेचं काय?
3. भजनात सगळेच नाचतात. त्यात याचा मेनिया (मन आणि अंगातला जोर अति उसळण्याचा झटका) सुरू झाला तर ओळखायचा कसा?
4. वाटेत बिघडलंच तर कुठे न्यायचं?

वडिलांचं म्हणणं, वारीत गोळ्या लागत नाहीत, माउली सांभाळतात.

खलबत्ता :
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

लिथियम हा क्षार आहे आणि मूत्रपिंड त्याला बरंचसं सोडियमसारखंच वागवतं. घामातून किंवा जुलाबातून मीठ-पाणी गेलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागतं आणि त्यासोबत लिथियमही अडकतं. गोळ्या तेवढ्याच असूनही रक्तातली पातळी चढते. देखभालीसाठी साधारण 0.6 ते 0.8 ठेवतात, 1.5 च्या वर विषबाधेचा धोका गंभीर होतो. अंतर किती कमी आहे ते बघा.

आता माउलींच्या वाटेचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, पुण्यात मुक्काम होतो आणि पुणे-सासवड हा दिवेघाटाचा तीसेक किलोमीटरचा टप्पा बहुधा वद्य एकादशीला येतो. म्हणजे सगळ्यात लांब चाल आणि उपवास एकाच दिवशी. लिथियमवाल्याने निर्जळी त्या दिवशी तर नाहीच करायची, एरवीही नाही. फराळी उपवास चालेल, पण खिचडीत मीठ हवं (सैंधवही मीठच, सोडियम त्यातही असतं) आणि पाणी रोजच्यापेक्षा जास्त. तहान लागण्याची वाट न बघता दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट. उलट, घाबरून एकदम मीठ वाढवलं तर पातळी खाली येते, तेही नको. मीठ रोजच्याइतकं, घाम फार गेला तर ओआरएस. एक पुडी बरोबर एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही.

खरी भीती मला उन्हापेक्षा गुडघेदुखीची वाटते. वाटेवरच्या मोफत शिबिरांत पाय दुखतात म्हटलं की आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक यांतलं काहीतरी हातात पडतं, कधी इंजेक्शन. ही औषधं मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडू देत नाहीत. घाम आणि वर हे, म्हणजे पातळी दोन्हीकडून चढणार. त्याला फक्त पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं, तीही नको. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही (रामिप्रिल, टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायझाइड) लिथियम वाढतं, म्हणून वडिलांच्या आणि भावाच्या गोळ्यांचे डबे वेगळे ठेवा. जुलाबावर मेट्रोनिडाझोल सहज देतात. त्यानेही पातळी चढल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा विचारल्याशिवाय नको.

तपासणी : डॉक्टरांकडे जाण्याआधी एक, प्रस्थानाच्या आठवडाभर आधी एक. नमुना शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी, म्हणजे तुमच्या बाबतीत सकाळी साडेनऊला. लॅबवाल्याला सांगा की हिरव्या बुचाची नळी वापरू नका. त्यातलं हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं रसायन) बहुधा लिथियमचंच असतं आणि अहवालात पातळी खोटीच वाढलेली दिसते. असा आकडा पाहून चांगला चाललेला डोस कमी केला जातो.

टाळचिपळ्या :
वारीची बाजू सांगतो. दिंडीचं सामान ट्रकमधून पुढच्या तळावर जातं. गोळ्या ट्रकमधल्या पिशवीत ठेवल्या आणि ट्रक कोंडीत अडकला तर साडेनऊचा डोस मध्यरात्री. म्हणून गोळ्या अंगावरच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या दुहेरी पुडीत. तीन दिवसांचा जादा साठा वडिलांकडे वेगळा. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचा नाही, ठरलेला एकच घ्यायचा.

क्वेटियापिनने सुस्ती येते आणि झटकन उठल्यावर चक्कर येते. रात्री गोळी उशिरा आणि पहाटे तीनला काकडा, हे जमणार नाही. गोळी साडेआठला आणता येईल का ते डॉक्टरांना विचारा. लिथियमही सोबत सरकलं तर शेवटच्या रक्ततपासणीची वेळही तेवढीच सरकवा. हरिपाठ झाला, जेवण झालं की आडवं व्हायचं. रात्रीचं कीर्तन आणि जागर त्याच्यासाठी नाही, हे निघण्याआधी ठरलं पाहिजे. तळावर ऐनवेळी वाद घालून काही होत नाही.

आणि पूर्ण वारीच कशाला? पहिल्या वर्षी लोणंदला सामील व्हावं. रेल्वे स्टेशन आहे. लोणंद-तरडगाव टप्पा छोटा, वाटेत चांदोबाचा लिंब, तिथलं उभं रिंगण बघायला मिळतं, पुढे फलटण. दोन-तीन दिवस चालायचं आणि घरी येऊन झोपायचं. दिवेघाट गाळला म्हणून विठोबा रुसत नाही.

पंढरपुरात एकादशीला पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत कित्येक तास जातात. पाणी आणि गोळीची वेळ दोन्ही हुकतात. मुखदर्शन किंवा कळसदर्शन घ्यावं.

सांजवेळ_७ :
प्रश्न तीन. तो काय बोलतोय किंवा किती नाचतोय यावरून ठरवू नका, तिथे सगळेच विठ्ठल विठ्ठल करत असतात. झोप आणि वेग बघा.

दिंडीत सगळेच कमी झोपतात, पण दुपारच्या विसाव्याला झाडाखाली पडल्या पडल्या घोरतात. ज्याला विसाव्यालाही डोळा लागत नाही, रात्रीही तीन-चार तासच झोप आणि तरी अंगात थकवा नाही, तिथे सावध व्हा. थकलेला माणूस झोपेला आलेला असतो, मेनियाकडे निघालेल्याला झोपेची गरजच वाटत नाही. मग बाकीचं : बोलणं तोडता येत नाही, थांबवलं तर चिडतो, दिंडी सोडून पुढे पळतो, अंगठी-पैसे वाटून टाकतो, पांडुरंगाने माझ्यावर काही काम सोपवलंय असं म्हणतो. अभंग म्हणताना रडू येणं हा आजार नव्हे. त्यासाठी त्याला टोकत राहिलात तर तो उद्या खरी लक्षणंही लपवेल.

मागच्या वेळी सुरुवात कशी झाली होती ते आत्ताच त्याच्यासोबत बसून कागदावर उतरवा. प्रत्येकाची चाल ठरावीक असते, कुणी आधी खरेदी करतं, कुणी रात्री दोनला जुन्या मित्रांना फोन लावतं. पहिली तीन चिन्हं त्यानेच निवडायची आणि त्यासमोर ‘हे दिसलं की मी घरी यायला तयार आहे’ असं त्याच्याच हाताने लिहायचं. दोन रात्री बिघडल्या तर रात्रीची कोणती गोळी किती वाढवायची, हेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. तिसऱ्या रात्रीची वाट बघायची नाही.

रोख पैसे दिवसापुरतेच. यूपीआयची मर्यादा निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमधून त्यानेच कमी करावी.

भोळा_वारकरी :
एवढं कशाला? वडील सोबत आहेतच. गोळी तीर्थात किंवा चहात विरघळवून द्यावी, त्याला कळणारही नाही आणि वडिलांचंही मन राहील.

खलबत्ता :
अजिबात नको. एसआर म्हणजे औषध हळूहळू सुटावं म्हणून बनवलेली गोळी. कुटून दिली की सगळं लिथियम एकदम रक्तात. शिवाय त्याने अर्धाच चहा प्यायला तर किती गेलं ते कुणालाच माहीत नाही, आणि दुसऱ्या कुणी तो कप उचलला तर? हा माणूस आज स्वतः वेळेवर गोळ्या घेतोय. फसवल्याचं कळलं की तेही बंद होईल.

वडिलांना एवढंच सांगा : चांगला चाललेला माणूस लिथियम एकदम बंद करतो तेव्हा आजार, विशेषतः मेनिया, पुढच्या काही महिन्यांत उलटण्याचा धोका खूप वाढतो. बंद करायचंच ठरलं तरी डॉक्टर किमान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन उतरवतात. त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या ते वारीत सोडतात का, हेही विचारा.

कलम_शंभर :
चौथा प्रश्न. दोन वेगळ्या आणीबाणी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

एक, लिथियमची विषबाधा. हात बारीक थरथरणं नेहमीचं असतं. पण थरथर मोठी झाली, पेला धरता येईना, उलट्या-जुलाब, झोकांड्या, जीभ जड, गोंधळल्यासारखं वागणं, यातलं काही दिसलं तर पुढची लिथियमची गोळी द्यायची नाही आणि 108 ला फोन. रुग्णालयात पोचताच ‘लिथियम चालू आहे, पातळी आणि क्रिएटिनीन बघा’ हे वाक्य आधी बोला. नाहीतर ऊन लागलंय म्हणून फक्त सलाईन लावून ठेवतील. साधे जुलाब लागले तरी गोळी द्यायची की थांबवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

दोन, मेनिया. फलटणपर्यंत साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, पुढे सोलापूरचं शासकीय रुग्णालय धरा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 च्या कलम 14 नुसार त्याने तुम्हाला नामनिर्देशित प्रतिनिधी (आजारपणात त्याच्या वतीने बोलणारा माणूस) नेमून ठेवावं. साधा कागद आणि त्याची सही पुरते. तो स्वतः दाखल व्हायला तयार नसेल आणि जिवाला धोका असेल, तर त्या प्रतिनिधीच्या अर्जावर कलम 89 खाली जास्तीत जास्त 30 दिवस दाखल करता येतं. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. गर्दीत भरकटला तर पोलिसांची मदत घ्या. कलम 100 प्रमाणे त्यांनी अशा माणसाला 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात पोचवायचं असतं, कोठडीत ठेवायचं नसतं.

नीरेकाठ :
खूप स्पष्ट झालं. लोणंदपासून जायचा पर्याय भावाला पटला, वडील अजून घुश्शात आहेत. एक राहिलं : दिंडीप्रमुखांना आजार सांगायचा का? गावातलीच दिंडी आहे, उद्या लग्नाचं बघायचंय.

सांजवेळ_७ :
निदान सांगायची गरज नाही, आणि काय सांगायचं ते भावानेच ठरवायचं. ‘रात्री औषध घेऊन नऊला झोपतो, उठवू नका. दुखण्याची गोळी परस्पर देऊ नका’ एवढं पुरतं. खिशात एक चिठ्ठी असू द्या : लिथियम एसआर 800 मिग्रॅ रोज रात्री, पॅरासिटामॉलशिवाय वेदनाशामक नको, खाली तुमचा आणि डॉक्टरांचा फोन. लग्नाचं वेगळं. तिथे मुलीला त्याने स्वतः सांगितलेलं बरं, पण त्यासाठी वेगळा धागा काढा.

खलबत्ता :
चिठ्ठी इंग्रजीतही लिहा आणि प्लॅस्टिकमध्ये घाला, पाऊस असतो. परत आल्यावर पाच-सात दिवसांनी पुन्हा पातळी आणि क्रिएटिनीन. वाटेत जुलाब झाले असतील तर तेवढंही थांबू नका, आल्या आल्या करा.