‘मिस्ड कॉल’ला मराठीत काय म्हणावं? (पंचांची भाषा)

प्रश्न:
पुण्यातल्या शाळांच्या सॉफ्टबॉल सामन्यांना नव्यानं पंच म्हणून उभं राहणाऱ्या मुलामुलींसाठी एक छोटी मराठी मार्गदर्शिका लिहिते आहे. सॉफ्टबॉल-बेसबॉलच्या पंचगिरीत ‘मिस्ड कॉल’ सतत येतो (‘कॉल’ म्हणजे पंचाचा निर्णय). तो तसाच ठेवला तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फोनच उभा राहतो. ‘चुकलेला निर्णय’ आणि ‘हुकलेला निर्णय’, दोन्ही लिहून पाहिलं, पण ठरत नाही. शिवाय पंच आपल्या जोडीदार पंचाला विचारतो त्याला काय म्हणू? ‘सल्लामसलत’ हा शब्द मैदानावर बसत नाही.

प्रतिसाद:
दोन्ही शब्द ठेवा, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बस हुकते, नेम हुकतो. गणित चुकतं, वाट चुकते. हुकण्यात गोष्ट हाती लागतच नाही, चुकण्यात हाती लागते पण भलतीच.

फर्स्ट बेसवरचा (धावणारा गाठतो त्या पहिल्या टप्प्यावरचा) पंच चेंडू हातमोज्यात शिरतो तो आवाज आणि धावणाऱ्याचा पाय यांवर लक्ष ठेवून असतो. त्याच क्षणी क्षेत्ररक्षकाचा पाय बेसवरून सुटला (म्हणजे धावणारा बाद नाही) तर पंचाला तो दिसेलच असं नाही. होम प्लेटकडून (बॅटर उभा राहतो तिथून) पुढे आलेल्या पंचाला मात्र तो लांबूनही सरळ रेषेत दिसतो. हे हुकणं. इथे जोडीदाराला विचारून उपयोग आहे, कारण त्याच्याजवळ नवी माहिती आहे.

चुकण्याचं उदाहरण अमेरिकेतल्या बेसबॉलमधलं, २ जून २०१० चं. डेट्रॉइटचा पिचर (चेंडू टाकणारा) आर्मांडो गलारागा यानं ओळीनं २६ बॅटर बाद केले होते. २७ वा, क्लीव्हलंडचा जेसन डोनाल्ड, फर्स्ट बेसवर स्पष्ट बाद होता, पण पंच जिम जॉइस यांनी त्याला सेफ (नाबाद) दिलं आणि ‘परफेक्ट गेम’ (एकही बॅटर बेसवर पोचू न देता जिंकलेला सामना) गेला. जॉइस जागेवर होते, समोर आड काही नव्हतं, तरी निवाडा चुकला. सामन्यानंतर चित्रफीत पाहून त्यांनी स्वतः गलारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी जॉइस होम प्लेटवर उभे असताना संघाची यादी त्यांच्या हाती द्यायला गलारागाच आला. तेव्हा रीप्ले (चित्रफीत पाहून निर्णय तपासणं) फक्त होमरनच्या वादांपुरता होता. बाद-सेफच्या निर्णयांसाठी तो २०१४ मध्ये आला.

प्रतिसाद:
‘कॉल’साठी ‘कौल’ का नको? शब्द अरबीतून आलेला, पण आता पूर्ण आपला आहे. मतदार कौल देतात, देवाला कौल लावतात. ‘पंचानं कौल दिला’ हे कानाला चांगलं लागतं.

प्रतिसाद:
कानाला लागतं, पण अर्थाला नाही. कौल लावणारा उत्तराची वाट पाहतो, ते स्वीकारतो, पुन्हा विचारत नाही. स्ट्राइक (बॅटरविरुद्ध मोजला जाणारा चेंडू) की बॉल (पिचरविरुद्ध मोजला जाणारा), फेअर की फाउल (फटका रेषांच्या आत की बाहेर), सेफ की बाद हे पंचाचे निर्णय नियमानंच अंतिम आहेत, तिथवर ठीक. पण बॅटरनं बॅट अर्धीच फिरवली आणि प्लेटवरच्या पंचानं ‘बॉल’ म्हटलं, तर कॅचर किंवा मॅनेजर दाद मागू शकतो आणि पंचाला बेसवरच्या जोडीदाराला विचारावंच लागतं. विचारणं नियमात बसवलेलं आहे. तेव्हा साधं ‘निर्णय’ बरं. ‘दाद मागणे’ मात्र जरूर वापरा, ‘अपील’ची गरज नाही.

प्रतिसाद:
मुख्य पंचासाठी नवा शब्द घडवू नका. कबड्डी-खोखोच्या मैदानावर ‘सरपंच’ आहेच. खोखोत दोन पंचांचं जुळलं नाही तर शेवटचा शब्द सरपंचाचा. बेसबॉलमध्येही एकाच खेळीवर दोन पंचांनी उलटसुलट निर्णय दिले तर मुख्य पंच सगळ्यांना एकत्र बोलावतो, खेळाडू आणि मॅनेजर बाहेर. मग ठरतं ते कोण जास्त चांगल्या जागी होतं यावरून. इथे ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणायचा मोह होतो. तो आवरा, कारण तिथे मतं मोजत नाहीत.

प्रतिसाद:
मला खरी काळजी क्रियापदाची वाटते. आपण सर्रास लिहितो, ‘पंचांनी निर्णय फिरवला’. शब्द फिरवणारा माणूस आपल्याकडे भरवशाचा नसतो, त्यामुळे पंच दबावाखाली आला असं आपोआप सुचवलं जातं. ‘पंचांचं खलबत’ही तसंच, त्यात कारस्थानाची छटा आहे. पंधरा वर्षांची मुलगी मैदानात उभी आहे, कडेला पालक ओरडताहेत. तिला जर वाटलं की विचारायला जाणं म्हणजे शब्द फिरवणं, तर ती विचारणारच नाही. मार्गदर्शिकेत ‘निर्णय दुरुस्त केला’ असंच छापा.

आणि एक बारकावा सोडू नका. नियम असा आहे की निर्णय देणाऱ्यानं विचारल्याशिवाय दुसऱ्या पंचानं त्यात तोंड घालायचं नाही. म्हणजे हालचाल पहिल्यानंच करायची. क्रिकेटच्या कायद्यातही शंका असेल आणि दुसऱ्या पंचाला जास्त नीट दिसलं असण्याचा संभव असेल तर त्याला विचारायचं, मग निर्णय द्यायचा, आणि तरी शंका उरली तर नाबाद. यासाठी आपल्या रोजच्या बोलण्यातलं ‘विचारून घेणे’ पुरेसं आहे. ‘जरा विचारून घेते’ यात कमीपणा नाही आणि निर्णय आपल्याच हातात राहतो.

प्रश्नकर्ती:
‘विचारून घेणे’ घेतलं. मजकूर असा करते आहे: ‘तुमचं बघणं हुकलं असेल तर खेळ थांबल्यावर जोडीदाराकडे स्वतः जा. तुम्हाला काय दिसलं नाही ते नेमकं सांगा: पाय सुटला का, चेंडू हातातून पडला का. “तुला काय वाटतं?” असं विचारू नका. उत्तर ऐका आणि निर्णय तुम्हीच मोठ्यानं जाहीर करा.’ जोडीदारासाठी ‘सहपंच’ लिहू की ‘जोडीदार’, एवढंच राहिलं आहे.

प्रतिसाद:
छापताना ‘सहपंच’, मैदानावर ‘जोडीदार’. मुलं तसंही नावानंच हाक मारणार.