विमान रद्द झालं तर भरपाई मागायची, की बस पकडून गप्प बसायचं?

रामबागकर
इंदूर–पुणे विमान रद्द झालं की आपली मंडळी कंपनीला मनसोक्त शिव्या घालतात आणि रात्रीची स्लीपर बस शोधायला लागतात. पैसे कोणी मागत नाही. यंदा भाच्याच्या मुंजीला आमचंही तेच व्हायचं होतं. सकाळचं विमान, आदल्या रात्री मेसेज आला, 'ऑपरेशनल कारणांमुळे फ्लाइट रद्द'. पर्याय दिला तो मुंज आटोपल्यानंतरचा. आईला घेऊन टॅक्सीनं सेंधवा–धुळे करत गेलो. तिकिटाचे पैसे परत आले. भरपाई मागितली तर पुन्हा तेच उत्तर, 'ऑपरेशनल'.

डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, नियम सरळ आहे. दोन आठवडे आधी कळवलं तर भरपाई नाही. त्यानंतर, पण किमान २४ तास आधी कळवलं तर मूळ वेळेच्या दोन तासांच्या आत सुटणारं दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. तेवढंही कळवलं नाही, तर प्रवाशाला चालेल असं दुसरं विमान द्यायचं, नाहीतर तिकिटाचे पैसे आणि वर भरपाई. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, एक ते दोन तासांना ७,५००, त्याहून लांबच्याला १०,००० रुपये. इंदूरहून पुणे काय नि मुंबई काय, मधल्या गटात पडतं. मी ग्राहक आयोगात जाणार आहे. तुमचं काय मत?

तिकीटवाला
भिया, अर्धाच नियम सांगितलात. '७,५०० किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते' असं आहे ते. समजा ४,५०० चं तिकीट आहे आणि कर, विमानतळाची शुल्कं काढून ३,४०० उरतात, तर भरपाई ३,४००. तेवढ्यासाठी अर्ज, ईमेल, आयोगाच्या तारखा? माझं ट्रॅव्हल एजन्सीचं काम आहे, रोज बघतो. लोक तावातावानं सुरू करतात आणि दुसऱ्या ईमेलला थंड पडतात.

आणि 'ऑपरेशनल'चं म्हणाल, तर भरपाईतून सूट देणाऱ्या कारणांत दंगल, पूर, संप, सरकारी आदेश, हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) एवढं दिल्यावर शेवटी 'कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचं इतर कोणतंही कारण' असं आहेच. त्या शेपटीत काहीही बसतं.

रामबागकर
काहीही बसत नाही. त्याच कलमात असंही आहे की सगळे वाजवी उपाय करूनही टाळता आलं नसतं, असं कारण हवं. वैमानिक कमी पडले, विमान दुसऱ्या मार्गाला वळवलं, हे 'टाळता आलं नसतं' कसं? डिसेंबर २०२५ आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम येणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. तरी इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली आणि नियमाला सवलत सरकारला द्यावी लागली. तेव्हा ओरड इतकी झाली की ३ ते ५ डिसेंबरला जास्त हाल झालेल्यांना कंपनीनं नियमाच्या भरपाईशिवाय १०,००० ची व्हाउचर जाहीर केली. म्हणजे ओरडलं तर मिळतं. अर्थात रोख नाही, पुन्हा त्यांच्याच विमानात बसायचं कूपन!

माळवी मिरची
कंपनीची बाजू घेते असं वाटलं तर वाटो. माझी बहीण विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये आहे. तिची कंपनी कोणती ते सांगणार नाही. जानेवारीत दिल्लीला धुकं पडतं आणि इंदुरात लख्ख ऊन असतं. दिल्लीहून यायचं विमानच निघालेलं नसतं, तेच पुढे पुण्याला जायचं असतं. इथे प्रवासी काचेतून ऊन दाखवतात आणि तिच्या अंगावर धावून येतात, 'कुठाय धुकं?' एकानं बोर्डिंग पास फाडून तोंडावर फेकला. भरपाई मागा, पण ती काउंटरवरच्या मुलीकडे नसते.

शिवाय सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये इंटरग्लोब एव्हिएशन (म्हणजे इंडिगो) विरुद्ध एन. सच्चिदानंद या खटल्यात सांगितलं आहे की धुक्यामुळे झालेला उशीर ही सेवेतली त्रुटी नव्हे. खाली प्रवाशाला मिळालेली भरपाई वर रद्द झाली.

सुदामानगर
मिरचीताई, त्याच निकालात हेही आहे की तिकीट स्वस्त असलं तरी अडकलेल्या प्रवाशांची किमान सोय बघणं कंपनीला टाळता येत नाही. तेवढा भाग गाळू नका. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यायचं. रात्री आठ ते पहाटे तीनमधलं विमान सहा तासांहून जास्त लांबलं, तर हॉटेल आणि नेण्या-आणण्याची सोय. आपल्याकडे काय देतात? एक सँडविच आणि फ्रुटीचा डबा, तोही मागितल्यावर.

दिल्लीच्या धुक्याचं मान्य. पण सकाळी सातचं धुकं रात्री नऊच्या विमानालाही कारण म्हणून चिकटवतात, त्याचं काय? मधल्या वेळात दुसरं विमान का नाही लावलं, हे कंपनीनं सांगायला नको? सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये अजमेर–जम्मू गाडीच्या प्रकरणात रेल्वेला हेच सुनावलं. गाडी चार तास उशिरा पोचली, पुढचं श्रीनगरचं विमान चुकलं. उशिराचं कारण रेल्वेला सिद्ध करता आलं नाही आणि ३०,००० ची भरपाई कायम राहिली. रेल्वेला जो न्याय, तो विमानाला का नको?

पोहे_जिलबी
माझ्या मुलीला फ्रँकफर्ट–मुंबई विमानाच्या उशिराबद्दल ६०० युरो मिळाले. घरबसल्या, एका अर्जावर. आपल्याकडे देशांतर्गत नुसत्या उशिराला रोख भरपाई शून्य. दहा तास बसवा, इडली खिलवा, हिशोब चुकता.

तिकीटवाला
युरोपचं तिकीट काढताना युरोपचं भाडंही मोजता ना काका? तो बोजा इथे टाका, मग इंदूर–मुंबईचं भाडं बघा. तेव्हा हाच धागा 'विमान महाग का' म्हणून निघेल.

सुदामानगर
भाडं तर दिवाळीत तसंही तिप्पट होतं, तेव्हा कुठली भरपाई देत असतात?

रामबागकर, तुमच्या कामाचं सांगतो. पर्यायी विमानाची लिंक आली की ती मान्य करू नका. एकदा 'चालेल' म्हटलं की भरपाईचा मुद्दा संपला. तुम्ही पैसे परत घेतलेत, ते बरं झालं. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, मग सरकारचं एअरसेवा हे तक्रारींचं पोर्टल, नाहीतर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन. तरी हललं नाही तर जिल्हा आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथेच, म्हणजे इंदुरातच दावा लावता येतो. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की कुठेही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही. आणि तिथे फक्त ते ३,४०० मागू नका. टॅक्सीचं बिल, मनस्ताप, दाव्याचा खर्च, सगळं मांडा. 'जे कमी असेल ते' हे डीजीसीएचं गणित आहे, आयोगाचे हात त्यानं बांधलेले नाहीत.

माळवी मिरची
आणि मनस्तापाचे पन्नास हजार मागून दोन हजार हातात पडले, की पुन्हा इथे येऊन 'आयोगही विकला गेला' म्हणू नका म्हणजे झालं.

रामबागकर
दोन हजार आले तरी घेईन. कारण काय होतं ते कंपनीला लेखी द्यावं लागेल, मला तेच हवंय. एक शंका आहे: तिकीट एजंटकडून काढलं होतं आणि त्यावर मोबाईल नंबर त्याचाच होता. मेसेज त्यानं मला पाठवला. यानं बिघडेल?

सुदामानगर
बिघडू शकतं. संपर्काची पुरेशी माहिती न दिलेल्या प्रवाशाला भरपाई नाही, असं नियमात आहे. कंपनी म्हणेल, आम्ही दिलेल्या नंबरवर आधीच कळवलं होतं. एजंटला मेसेज किती वाजता आला आणि त्यानं तुम्हाला किती वाजता पाठवला, दोन्हीचे स्क्रीनशॉट आजच मागून घ्या. आणि तिकीटवाले, तुम्ही लोक गिऱ्हाइकाचा नंबर का नाही टाकत?

तिकीटवाला
कारण गिऱ्हाइकाचा नंबर गेला की पुढच्या वेळी कंपनी थेट त्यालाच ऑफर पाठवते आणि तो माझ्या दुकानाची पायरी चढत नाही. धंदा आहे, लपवायचं काय त्यात? मेसेज आला की पाच मिनिटांत पुढे पाठवतो.

पोहे_जिलबी
रात्री दोनला आला तर?

तिकीटवाला
रात्री दोनला मी झोपतो, काका.