दोनदा तोडूनही पुन्हा फुटणारे झाड: ओळख आणि बंदोबस्त

प्रश्न

आमच्या पडीक जमिनीत बाभळीसारख्या बारीक पानांची, पण बिनकाट्यांची झाडे झपाट्याने पसरत आहेत. त्यांना पांढरे गोल गोंडे येतात आणि पुढे चपट्या तपकिरी शेंगांचे घोस लोंबतात. दोनदा बुंध्यापासून तोडली, तर एका खोडाच्या जागी सात-आठ फुटवे आले. हे शिरीष असेल तर राखायचे आहे. खात्री कशी करावी?

उत्तर 1

वर्णनावरून ही सुबाभूळ आहे. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली ही जात चारा, सरपण आणि कागदाच्या लगद्यासाठी जगभर लावली गेली. शिरीषाची पर्णिका बरीच मोठी व रुंद असते, फुलात लांब तंतूंचा सुगंधी झुपका असतो आणि शेंग रुंद, वाळक्या गवताच्या रंगाची असते. खैराशी गल्लत होण्याचा प्रश्नच नाही, कारण त्याला आकडीसारखे काटे असतात.

उत्तर 2

नुसती तोड म्हणजे छाटणीच. खोड जमिनीलगत कापून, ताज्या कापावर लगेच, लेबलवर खोडासाठी शिफारस असलेले ट्रायक्लोपायरयुक्त तणनाशक ब्रशने लावावे. पाण्याजवळ मात्र ते वापरू नये. कोवळी रोपे ओल असताना सोटमुळासकट उपटावीत. खरी झुंज बियांशी आहे: कठीण कवचामुळे त्या जमिनीत 10 वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात आणि या झाडात स्वपरागण होत असल्याने एकटे झाडही नवी झुडपे उभी करते. म्हणून शेंगा पिकण्यापूर्वीच काम करा आणि पुढे दरवर्षी फेरी मारा, हा माझा आग्रह आहे.

प्रश्नकर्ता

तोडलेल्या फांद्या तिथेच जाळल्या तर बिया मरतील का? आणि पाला जनावरांना चालेल का?

उत्तर 3

कृपया तिथे जाळू नका. रोपवाटिकेत याच बिया लवकर उगवाव्यात म्हणून त्यांवर गरम पाणी ओतून कवच मऊ करतात. जाळाची सौम्य आच मातीतल्या बियांवर तोच परिणाम करू शकते. पिकलेल्या शेंगांच्या फांद्या ओढत नेऊ नका, शेंगा आधी गोण्यांत भरा. पाल्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असते. ते घोड्यांना बाधते, त्यांचे केस गळतात. रवंथ करणाऱ्या जनावरांनाही इतर चाऱ्यात मिसळून, थोडा थोडाच द्यावा.