उंदीर गप्प, अधिवृक्क मात्र कामाला
वर कुणीतरी म्हटलंय की मॉर्फिनने जनावर शांत होतं, म्हणजे अधिवृक्क ग्रंथीतून (मूत्रपिंडावर बसलेल्या) येणारी ताणाची संप्रेरकंही उतरणार. माणसात कॉर्टिसॉल बहुधा उतरतंच, पण प्रयोगशाळेतल्या उंदरात उलटं होतं. पहिल्या डोसनंतर गडी कोपऱ्यात गप्प पडलेला आणि रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन चढलेलं! (उंदरात कॉर्टिसॉल मोजत बसू नका, त्याचं ताणाचं मुख्य संप्रेरक हेच.) आधी नॅलोक्सोन (मॉर्फिनचा परिणाम अडवणारं औषध) टोचलं तर ही वाढ रोखली जाते. रोज डोस दिला की ती ओसरते, अचानक बंद केला की पुन्हा उसळते. इटोमिडेट या भुलीच्या औषधाचं वेगळंच. ते थेट ग्रंथीतलं ११-बीटा-हायड्रॉक्सिलेज (कॉर्टिसॉल बनवायला लागणारं विकर, म्हणजे एन्झाइम) अडवतं, त्यामुळे कुत्र्यात एका डोसनेही कॉर्टिसॉल काही तास दबलेलं राहतं. आणि हो, रक्त घ्यायला उंदीर नुसता पकडला तरी त्या ताणाने ३-४ मिनिटांत कॉर्टिकोस्टेरॉनचा आकडा बिघडायला लागतो.