मदत हवी आहे: मेकॅनोच्या बोल्टांचे आटे
घरातला जुना लाल-हिरवा मेकॅनो संच (धातूच्या पट्ट्या नट-बोल्टांनी जोडायचं खेळणं) दुरुस्त करतोय. पट्ट्यांवरचा गंज वरवरचा आहे, तो निघेल. घोडं अडलंय नट-बोल्टांपाशी. रॉकेलमध्ये भिजवून बहुतेक सुटले, पण काहींचे आटे गंजाने खाल्लेत. व्हिनेगर सुचवू नका, त्याने पितळी मुलामाही जातो. एम४ चा (४ मिमी मेट्रिक) नट दीड-दोन फेऱ्यांत आवळून बसतो, कारण मूळ बोल्ट ५/३२ इंच व्हिटवर्थ (आट्यांचं जुनं ब्रिटिश मानक): इंचाला ३२ आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांतलं अंतर) ०.७९ मिमी, एम४ चा ०.७. मूळ रंग घासायचा नाही (शिसं असू शकतं, संच मोठेच हाताळणार). पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला विचारलं, सगळे एम४ च पुढे करतात. ५/३२ व्हिटवर्थचा टॅप-डाय (नट-बोल्टांचे आटे पाडायचं हत्यार) सुटा कुठे मिळेल? आणि डाय फिरवल्यावर झिजलेला बोल्ट नट नीट धरतो, की सरळ नवेच मागवावेत?