प्रतिसाद: सूचना वाचत नाहीत की पोचतच नाहीत?

वर एकांनी लिहिलंय की ऑनलाइन कोर्सची मुलं सूचना वाचतच नाहीत. मला नाही पटत. मी ऐरोलीला घरूनच अकाउंट्स शिकवते, माझी अर्धी मुलं ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर सगळं बघतात आणि मी त्यांना सात पानी पीडीएफ पाठवायचे, मग चिडायचे की असाइनमेंट उशिरा का, स्टेप्स का नाही दाखवल्या. चूक माझीच होती.

एनपीटेलचं, म्हणजे आयआयटी वगैरेंच्या ऑनलाइन कोर्सचं बघा, कोर्सच्या पानावरच असतं की असाइनमेंटचे २५, परीक्षेचे ७५, सर्टिफिकेटला २५ पैकी निदान १० आणि ७५ पैकी निदान ३० हवेत, १२ आठवड्यांचा कोर्स असेल तर बेस्ट ८ असाइनमेंट धरतात. संपलं, विचारायला काही उरतच नाही.

आता मी "नीट लिहा" असं लिहीतच नाही, कारण नीट म्हणजे काय ते फक्त मलाच माहीत असतं ना. त्यापेक्षा गेल्या बॅचचं एक चांगलं आणि एक अर्धवट उत्तर नाव काढून दाखवते, कुठे किती मार्क गेले ते शेजारी लिहून. गूगल क्लासरूममध्ये रुब्रिक, म्हणजे कशाला किती मार्क त्याचा तक्ता लावता येतो, तोही असाइनमेंट देतानाच लावते, नंतर नाही. आणि हो, माझ्याकडून काय मिळेल तेही सांगायला हवं, म्हणजे मेसेजला उत्तर कधी, मार्क किती दिवसांत. हे सांगितल्यापासून रात्री अकराचे "मॅम बघितलं का" जवळपास थांबलेत.